शून्य वणव्याचं गाव

मंगळवार, ८ एप्रिल

आजपासून रोजनिशी लिहायची. कारण आज माझी निवड झाली. ऑर्डर हातात आहे: जनजागृती व आग प्रतिबंध, प्रभारी, श्री. बळवंत राऊत. सव्वीस वर्षं फायर ब्रिगेडमध्ये पाईप ओढले, आता डोकं वापरायची वेळ आली.

केंद्रातले काही जण गालात हसत होते. त्यांचं म्हणणं, मार्चमधल्या गोडाऊनच्या कॉलमुळे मला गाडीवरून उतरवलं. त्या कॉलला मी सोडलेलं पाणी आमच्याच तीन माणसांवर गेलं हे खरं आहे. पण मार्चचं ऊन होतं, आणि लागलं कोणालाच नाही.

रूपल मॅडम आमच्या स्टेशन ऑफिसर. वय एकतीस. सगळ्यांसमोर मला राऊतकाका म्हणतात, ते मी मनावर घेत नाही. म्हणाल्या, लोकांत जा, त्यांच्याकडे आग कशी लागते ते बघा, मग बोला. आग कशी लागते हे मला बघायला सांगतात. असो. नव्या आहेत.

संकल्प: दिवसाला एक कार्यक्रम. आवाज जपायचा. गरम पाणी, हळद.

गुरुवार, १० एप्रिल

पहिला कार्यक्रम तारापूरकडच्या एका केमिकल कंपनीत. गेटवर पाऊण तास बसवलं. सुरक्षारक्षकाने माझीच काडेपेटी काढून घेतली.

भाषण चांगलं झालं. शेवटी त्यांच्या सेफ्टी ऑफिसरने विचारलं, सॉल्व्हंटच्या ड्रमला आग लागली तर पहिल्यांदा काय मारायचं. मी म्हटलं, पाणी. मग मागच्या रांगेतला एक कामगार हिंदीत म्हणाला की चाचा, पाणी मारलंत तर आपण सगळे वर. लोक बराच वेळ हसले. मीही हसलो. प्रश्न अवघड नव्हता, ऐकू नीट आला नाही.

निष्कर्ष: कारखान्यांत जागृती भरपूर आहे. तिथे माझा वेळ फुकट जाईल. खरी गरज डोंगरातल्या पाड्यांना आहे.

सोमवार, १४ एप्रिल

अग्निशमन सेवा सप्ताह सुरू. सकाळी १९४४ साली मुंबई गोदीच्या स्फोटात गेलेल्या जवानांना दोन मिनिटं उभं राहून मान. दरवर्षी मी पहिल्या रांगेत असतो. आजही होतो.

मग मॅडमनी जाहीर केलं की ज्या गावातून या मोसमात वणव्याचा एकही कॉल येणार नाही, त्या गावाला १ मे रोजी केंद्रातर्फे 'शून्य वणवा गाव' असं प्रमाणपत्र मिळेल. मी जागेवरच हात वर केला. करवंदपाडा.

रजिस्टर काढून बघितलं. करवंदपाड्यावरून गेल्या उन्हाळ्यात पाच कॉल. पाचही हायवेवरून जाणाऱ्या लोकांनी धूर बघून केलेले. पाचही वेळा आमची गाडी पोचली तेव्हा आग विझलेली होती. यावरून दिसतं की आमची गाडी नेहमी उशिरा पोचते. म्हणून प्रतिबंध हाच मार्ग.

घरी बायकोला, प्रेमलाला सांगितलं. ती चिकू निवडत होती. प्रमाणपत्र गावाला मिळणार की तुम्हाला, एवढंच विचारलं.

बुधवार, १६ एप्रिल

करवंदपाडा. बोईसरहून जीपने पाऊण तास. ड्रायव्हर बन्सी, हा त्याच बाजूचा. शेवटचे दोन किलोमीटर कच्चा रस्ता. एकोणीस घरं, बहुतेक कुडाची, वर पेंढा. लोक शांत. उलट प्रश्न विचारत नाहीत. असाच श्रोता हवा.

पाड्यात स्वच्छता इतकी की थक्क झालो. प्रत्येक घराजवळच्या वावरात एक वाफा, त्यावर पालापाचोळा, वाळक्या फांद्या, शेणाचा चुरा असं सगळं नीट थर लावून ठेवलेलं. मी भाषणात याचं खास कौतुक केलं. कंपोस्ट खताबद्दल चार शब्द बोललो. लोक एकमेकांकडे बघत होते.

मग प्रात्यक्षिक. पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल ओतून पेटवलं. आग विझवायच्या सिलिंडरची पिन ओढायच्या आधी नियम समजावून सांगत होतो, तेवढ्यात तानीबाई नावाच्या साठीच्या एक बाई उठल्या आणि पायाने चार वेळा माती लोटून आग विझवून परत जागेवर बसल्या. एवढी आग कशाला लावली, असं त्यांनी बन्सीला विचारलं म्हणे. प्रात्यक्षिक वेळेआधी संपलं.

शेवटी सामुदायिक शपथ: मी आग लावणार नाही, कोणाला लावू देणार नाही. एकसष्ट लोक, मी मोजले. तानीबाईंचे ओठ हलत नव्हते. गहिवरल्या असाव्यात.

गुरुवार, १७ एप्रिल

आज बन्सीने खुलासा केला. ते कंपोस्ट नाही, राब आहे. एप्रिल-मेमध्ये पाऊस यायच्या आधी तो पेटवायचा, त्याने वाफ्याची माती भाजली जाते, तणाचं बी मरतं, मग त्यात भाताची रोपं टाकायची. बापजाद्यांपासून चालत आलंय. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर आवणी (लावणी) नाही, भात नाही.

म्हणजे एकोणीस घरं, एकोणीस आगी. आणि मी त्याचं कौतुक करून आलो.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, राब बंद करायचा नाही, तो त्यांचा तांदूळ आहे. नवशा म्हणून तिथला जाणता माणूस आहे, त्याच्याजवळ बसा, कसं करतात ते बघा, तारीख ठरवून घ्या, म्हणजे धुराचे खोटे कॉल येणार नाहीत. थोडक्यात, मॅडमनी प्रकरण पूर्णपणे माझ्यावर सोपवलं आहे.

शनिवार, १९ एप्रिल

पाड्यात बैठक. नवशाच्या अंगणात. नवशा पंचावन्नचा, सडपातळ, बोलतो कमी. मी राबाचे तोटे सांगितले: धूर, वणवा, जीवितहानी. पर्याय म्हणून युरिया.

तानीबाई म्हणाल्या, युरियाने रोप येतं तसं गवतही येतं, आणि गवत उपटायला माझ्या घरी मी एकटीच. मुलगा-सून वीटभट्टीवर, दसऱ्यानंतर गेले ते मेच्या मध्याशिवाय येत नाहीत.

नवशा पहिल्यांदाच लांब वाक्य बोलला. लिहून ठेवतो, कारण अज्ञान किती खोल असतं याचा नमुना आहे. "आमी सगळे मिळून लावतो, साहेब. पहाटचा वारा निजलेला असतो. वाफ्याभोवती पट्टा झाडून घ्यायचा, एकेक टहाळ, ओल्या पानांची फांदी, हातात धरून चारी बाजूला माणसं उभी करायची, वारा जिकडं जातो तिकडच्या कडेला काडी लावायची. मंग आग वाऱ्याच्या समोरून हळू येते. एक वाफा झाला का दुसरा. आजवर कोणाचं घर नाय गेलं."

मी म्हटलं, आजवर नाही गेलं म्हणजे आता जाईल. संभाव्यतेचा नियम आहे. आणि कोणी काडी लावली तर पोलीस केस होईल, हेही सांगितलं. तसा अधिकार मला नाही, पण जनजागृतीत थोडा धाक लागतो.

कोणी काही बोललं नाही. एकमताने ठराव.

रविवार, २० एप्रिल

सुट्टी. माकुणसारला घरी. सकाळी वाडीतला केळीचा वाळका पाला आणि नारळाच्या झावळ्या गोळा करून पेटवल्या. दर रविवारी करतो.

प्रेमला म्हणाली, तुम्ही लावता ती आग आणि ते लावतात ती वेगळी का? मी समजावलं की मी प्रशिक्षित आहे. तिने विचारलं, मग ते लोक यंदा काय पेरणार? मी म्हटलं, शासन बघेल. ती म्हणाली, शासन म्हणजे तुम्हीच ना, गणवेश घालून जाता तर? मग जेवण वाढलं, विषय संपला.

सोमवार, २१ एप्रिल

गस्त सुरू. अभ्यास करून वेळापत्रक बनवलं. नवशाच्याच तोंडून कळलं की ते पहाटे लावतात, म्हणून पहाटे पाच ते दहा मी पाड्यात. संध्याकाळी वारा पडतो, तेव्हाही लावू शकतात, म्हणून चार ते साडेसहा. मधल्या वेळेत ऊन आणि वारा इतका असतो की आग लावायचं धाडस कोणी शहाणा माणूस करणार नाही. त्या वेळात हायवेवर जेवण, मग जीपमध्ये जरा पडणं. गुडघ्याला आराम लागतो.

शिट्टी घेतली आहे. दर अर्ध्या तासाने वाजवतो. लोकांना आपली उपस्थिती कळली पाहिजे.

धूर: शून्य.

बुधवार, २३ एप्रिल

धूर: शून्य. पण दोन वाफे काळे दिसले. नवशाला विचारलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, मागल्या सालचं असेल. पटलं. भाजलेली माती बरीच वर्षं काळी राहत असणार.

शुक्रवार, २५ एप्रिल

आता सहा वाफे काळे. मागल्या सालचे वाफे रोज वाढतात हे जरा विचित्र आहे. एकात हात घालून बघितला, कोमट. ऊनच तसं आहे. माणसांच्या कपड्यांना धुराचा वास येतो, पण चूल सगळ्यांकडे असते.

एका वाफ्याच्या पलीकडे अंगणाएवढं गवत जळालेलं होतं. त्या घरच्या माणसाच्या पोटरीला फोड. विचारलं तर म्हणाला, कढत पाणी सांडलं.

बन्सी संध्याकाळी गाडी चालवताना अचानक म्हणाला की साहेब, दुपारी एकदा थांबून बघूया का. मी म्हटलं, दुपारी काय बघायचं? ड्रायव्हर लोकांना भत्त्याचे तास वाढवायचे असतात.

मॅडमनी नवशाची तारीख काय ठरली असं विचारलं. मी म्हटलं, परिस्थिती नियंत्रणात आहे. हे वाक्य मला नेहमी आवडतं.

रविवार, २७ एप्रिल

आज सुट्टी न घेता पाड्यात. एक तारखेची तयारी. कच्चा रस्ता पाड्यात शिरतो तिथे बांबूची कमान उभारून घेतली. वर फ्लेक्स: 'शून्य वणवा गाव करवंदपाडा आपले सहर्ष स्वागत करीत आहे', खाली माझा फोटो. फोटो थोडा मोठा आला. कमानीच्या उंचीचं बन्सीने काही तरी काढलं होतं, पण आमची जीप तिच्याखालून आरामात जाते. करून दाखवलं.

दहा वाफे काळे. मी मोजणं बंद केलं आहे. मोजत बसलं की माणूस संशयी होतो.

सोमवार, २८ एप्रिल

अवकाळीचा इशारा. बुधवार-गुरुवारी पाऊस. पाड्यात सकाळपासून चुळबुळ. राब भिजला तर पेटत नाही, आणि पुन्हा पाला गोळा करायला डोंगरात काही उरलेलं नाही, असं बन्सीने सांगितलं.

दहाच्या सुमारास तानीबाई जीपपाशी आल्या. बोनेटला हात लावून उभ्या राहिल्या. त्यांचा वाफा घराला लागूनच आहे, त्यांच्याकडे दुसरी जागा नाही. म्हणाल्या, "साहेब, माजा एकच वाफा हाय. उद्या सकाळचा लावू का? तुमी उभे ऱ्हा. नवशा भावजी येतील, अजून दोघं येतील. तुमच्यासमोर लावते."

खरं सांगतो, क्षणभर मी हो म्हणणार होतो. बाई सरळ येऊन विचारत होती. पण लगेच विचार केला की एकीला परवानगी दिली की बाकीचे मागणार. आणि शून्य म्हणजे शून्य. गुरुवारी प्रमाणपत्र, फ्लेक्स लागलेला. मी म्हटलं, मावशी, नियम सगळ्यांना सारखा.

त्या परत गेल्या. जाताना मागे वळून बघितलं नाही. मला ते लागलं. तत्त्वाने वागणाऱ्या माणसाला असं सोसावंच लागतं.

मंगळवार, २९ एप्रिल. सकाळी १०.०५

सकाळची गस्त झाली. वारा खूप आहे, फ्लेक्सचा फडफडाट थांबत नाही. आभाळ पश्चिमेकडे काळं होत चाललंय. धूर शून्य.

पाड्यात आज कोणी नेहमीसारखं हात करून बोलावत नाही. तानीबाई वाफ्याच्या कडेला बसून होत्या. मी शिट्टी वाजवली तरी मान वर केली नाही.

बन्सी म्हणतो, आज जेवायला नको जायला. मी म्हटलं, एक दिवस राहिलाय, आता काय होतंय. हायवेच्या ढाब्यावर आज सुरमई आहे. निघतो.

बुधवार, ३० एप्रिल. सकाळी

अहवाल लिहायचा आहे. आधी इथे लिहून बघतो.

'दि. २९ रोजी अंदाजे १.४० वाजता अज्ञात कारणाने आग लागली. अधोस्वाक्षरीकार तातडीने घटनास्थळी उपस्थित झाले व परिस्थिती हाताळली.'

हे खरं नाही. पुन्हा लिहितो.

मी जीपमध्ये सीट मागे करून झोपलो होतो. बन्सीने हलवलं. डोंगराच्या अंगाला धुराचा खांब उभा होता. खांब म्हणणंही बरोबर नाही, वाऱ्याने तो आडवा झाला होता. बन्सीने केंद्राला फोन लावला आणि गाडी अशी हाणली की माझं डोकं टपाला लागलं.

तानीबाईंनी एकटीनेच राब पेटवला होता. पट्टा झाडला होता, टहाळही हातात होती, पण एका माणसाच्या हातात एकच टहाळ. वाऱ्याने आग वाफ्यातून उचलून घराच्या पेंढ्यावर टाकली. आम्ही पोचलो तेव्हा छप्पर पेटलेलं आणि पाड्यातली माणसं चारी बाजूंनी धावत येत होती. कोणीतरी ओरडलं की तानी आत हाय. कणगीत भाताचं बियाणं होतं, ते काढायला ती शिरली होती.

माझ्या हातात जीपमधला सिलिंडर होता. सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने काय करायचं असतं ते मला माहीत आहे. मी दाराशी उभा राहून शिट्टी वाजवत होतो. का, ते मला अजून कळलेलं नाही. दुसरं काही सुचलं नाही.

नवशाने ओलं गोणपाट डोक्यावर घेतलं आणि आत गेला. बन्सीने माझ्या हातातून सिलिंडर ओढून घेतला आणि दारावर मारला. मी मोजत होतो. चौदा मोजेपर्यंत दोघं बाहेर आले. तिच्या दोन्ही हातांची कातडी सुटली होती आणि तरी तिने कणगीचा अर्धा जळका तुकडा धरून ठेवला होता. बी सगळं काळं.

आमची मोठी गाडी सव्वादोनला आली. म्हणजे कमानीपर्यंत आली. कमानीखालून ती जात नव्हती. मॅडम स्वतः खाली उतरून कोयत्याने बांबू तोडत होत्या. फ्लेक्सवरचा माझा चेहरा रस्त्यात पडला आणि त्याच्यावरून गाडी गेली. तोपर्यंत पाड्यातल्या लोकांनी आजूबाजूच्या चार घरांवर ओली गोणपाटं टाकून आणि टहाळ्यांनी गवत झोडपून आग थांबवली होती. गाडीने फक्त निखारे विझवले.

रजिस्टरमध्ये पुन्हा तेच येणार: गाडी पोचली तेव्हा आग विझलेली होती.

गुरुवार, १ मे

पाऊस आला. झेंडावंदन आडोशाला. प्रमाणपत्राचा विषय कोणी काढला नाही. मी मागच्या रांगेत उभा होतो.

मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, राऊतकाका, तुम्ही पाड्यात कधी होतात आणि कधी नव्हतात, तेवढं रोजचं लिहून द्या.

लिहिलं. पहाटे पाच ते दहा. चार ते साडेसहा. नऊ दिवस, तेच. लिहिताना माझंही लक्ष गेलं की सगळे काळे वाफे मधल्या वेळेतले असणार. हा योगायोग असू शकतो. शनिवारी तानीबाईंना भेटून खात्री करून घेतो.

शनिवार, ३ मे

पालघरच्या दवाखान्यात गेलो. प्रेमलाने वाडीतले चिकू दिले होते, पिकलेले निवडून. ती म्हणाली, मीही येते. मी नको म्हटलं. तोंड कोणत्या शब्दांनी उघडायचं ते ठरत नव्हतं, दोघांचं कसं ठरणार.

तानीबाई उशाला टेकून बसल्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. डॉक्टर म्हणाले, बोटं वाचतील, पण यंदाच्या आवणीला हात चालणार नाहीत. शेजारी नवशा. भुवया जळालेल्या, त्यामुळे चेहरा सतत आश्चर्यात असल्यासारखा दिसतो. त्याने मला बसायला स्टूल दिलं. हे मला जास्त जड गेलं.

मी काय बोललो ते आठवत नाही. नुकसानभरपाईचा फॉर्म, असं काहीतरी. मग विचारून टाकलं की दुपारी का लावला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की एवढंही याला कळत नाही का.

"तुमी सकाळी असायचे, सांजचे असायचे. दुपारी जेवाया जायचे. मंग दुपारीच लावायला लागायचं, एकेकाला, गुपचूप. गर्दी केली असती तर तुमाला कळलं असतं."

मी म्हटलं, म्हणजे सगळ्यांनीच. त्या म्हणाल्या, सगळ्यांनीच. जीप वळणाला गेली की पाड्यात निरोप जायचा. बन्सीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने मला सांगायचा प्रयत्न केला होता, हे मला आता, स्टुलावर बसल्यावर कळलं.

आगीची सगळ्यात वाईट वेळ कोणती, हे मी सव्वीस वर्षं लोकांना सांगत आलोय: भर दुपार, वारा, एकटा माणूस. तीच वेळ मी त्यांना राखून दिली होती. पहाट मी अडवली, संध्याकाळ मी अडवली, माणसांना एकत्र येणं मी अडवलं. मला रडू आलं. दवाखान्यात, सगळ्यांसमोर. तानीबाईंनी नवशाला पाणी द्यायला सांगितलं.

मी म्हटलं, मावशी, राब वाळले की बाकीचे भाजताना मी येतो, उभा राहतो, तुम्ही म्हणाल तसं करतो. त्या रागावल्या नाहीत. समजावल्यासारखं म्हणाल्या.

"तुमी येऊ नका, साहेब. तुमी आले का आमाला लपाया लागतं."

मंगळवार, ६ मे

बन्सीचा फोन, सव्वानऊला. चार दिवसांच्या उन्हाने राब वाळले होते, आज भाजले. उरलेले सगळे, आणि तानीबाईंचा अर्धा राहिलेला वाफाही. पहाटे सुरू, आठच्या आत आटोपलं. मॅडम मोठी गाडी घेऊन गेल्या होत्या. गाडी लांब उभी केली, पाईपला हात लावायची वेळ आली नाही. मॅडमच्या हातातही टहाळ दिली होती आणि नवशा सांगेल तिथे त्या उभ्या राहिल्या. तानीबाईंचा मुलगा-सून भट्टीवरून आलेत. प्रत्येक घराने तानीबाईंसाठी ओंजळ-ओंजळ बी काढून ठेवलंय.

माझ्याबद्दल कोणी काही म्हणालं का, असं विचारलं. बन्सी म्हणाला, नाय साहेब. मग म्हणाला, आज सगळे मोठ्यानं बोलत होते.

फोन ठेवला. प्रेमलाने विचारलं, आज गणवेश नाही चढवला, ड्युटी नाही का?

म्हटलं, ड्युटीच चालू आहे. घरी बसलोय.